कानाचं मशीन म्हणजे आवाज वाढवणारा डबा नव्हे

पुण्यात ज्येष्ठांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. कानाचं मशीन फक्त आवाज वाढवतं, ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळतं, कुणाचंही कुणालाही चालतं, आणि ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने, मशीन कानाला जुळवून देणं (फिटिंग) हा पैसे उकळायचा धंदा. अमेरिकेत तर दुकानात सरळ विकत मिळतं म्हणे.

‘आवाज वाढवला की झालं.’ नाही होत. वयोमानाने ऐकू कमी येतं ते आवाजाच्या जाड ते बारीक सगळ्या पट्ट्यांत सारखं नसतं. खालच्या पट्टीत, 500 हर्ट्झला, कान जवळपास ठणठणीत आणि वरच्या पट्टीत, 4000 हर्ट्झला, मात्र 60 डेसिबलपर्यंत काहीच नाही, असे ऑडिओग्राम (कानाच्या तपासणीचे आलेख) रोज निघतात. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत, तर स, श, फ यांचा वरच्या. म्हणून मंडईत भाजीवाली ‘साठ’ म्हणते आणि आजोबांना ‘आठ’ ऐकू येतं. सरसकट आवाज वाढवला, तर तो ‘स’ पोचेपर्यंत रिक्षांची घरघर असह्य झालेली असते.

त्याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. अंतर्कर्णातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी झिजल्या की हळू आवाज लागत नाहीत, पण मोठे आवाज इतरांइतकेच मोठे लागतात. ऐकू येणं 60 डेसिबलला सुरू होतं आणि 100 च्या आसपास त्रास सुरू होतो. सगळं जग त्या 40 डेसिबलमध्ये बसवायचं असतं. म्हणून चांगलं मशीन नातवाची कुजबुज बरीच वाढवतं, नेहमीचं बोलणं थोडं, आणि लक्ष्मी रोडवरचा ढोल-ताशा जवळजवळ नाहीच. किती, कुठल्या पट्टीत, कुठे थांबायचं, हे त्या माणसाच्या कानावरून ठरतं. ही मर्यादा न बांधलेलं यंत्र उरलंसुरलं ऐकणंही बिघडवू शकतं.

‘कुणाचंही चालतं.’ जुनं डिजिटल मशीन नव्या ऑडिओग्रामवर पुन्हा बसवता येतं, क्षमता पुरत असेल तर. न बसवता घालू नये.

अमेरिकेचं खरं आहे. ऑक्टोबर 2022 पासून तिथे अशी मशीनं सरळ दुकानात मिळतात, पण 18 वर्षांवरच्या आणि सौम्य ते मध्यम दोष असलेल्यांसाठीच. त्यातली काही फोनवरून तुमचा कान तपासूनच आवाज बेततात.

फिटिंगबद्दलची चीड मला समजते. काही दुकानांत ऑडिओग्राम संगणकात टाकून एक बटण दाबतात आणि हजारो रुपये घेतात. ते बटण सरासरी कान धरून चालतं आणि वरच्या पट्टीत अनेकदा गरजेपेक्षा कमी देतं. यावर उपाय फिटिंग टाळणं नाही, पुरतं करून घेणं हा आहे. ‘रिअल इअर’ मोजणी मागा: कानात बारीक मऊ नळी घालून पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोचतो ते मोजतात आणि कानाला किती आवाज हवा ते सांगणाऱ्या एनएएल-एनएल2सारख्या सूत्राच्या आकड्यांशी जुळवतात. मशीन बसवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडची (ऑडिओलॉजिस्टची नोंदणी ठेवणारी संस्था) नोंदणी विचारा. आणि दोन-तीन आठवड्यांनी, कुठला आवाज टोचतो, कुठला शब्द निसटतो हे लिहून पुन्हा जा. त्या यादीवरूनच मशीन पुढे जुळवता येतं.