विशेष शाळा म्हणजे पाळणाघर? त्या मेसेजला एका आईचं उत्तर

सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपात फिरतोय की तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांच्या विशेष शाळा म्हणजे नुसती पाळणाघरं, वर्षानुवर्षं जाऊनही मुलांना अ आ इ येत नाही, कायद्यानेही आता सगळ्यांना साध्या शाळेतच घालायचंय, तेव्हा या शाळा बंद करा आणि ज्यांना झेपत नाही त्यांना घरी ठेवा.

आधी कायद्याचं, कारण ते सरळ चुकीचं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ बघा, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, कुठली शाळा ते त्याने निवडायचं. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही ही निवड कायम आहे.

आता "काहीच शिकत नाहीत". अहो, पँट घालायला शिकवतात ते कधी बघितलंय का? कामाचे बारीक बारीक तुकडे पाडतात आणि शेवटच्या तुकड्यापासून सुरू करतात, म्हणजे ताई सगळी पँट चढवून देणार आणि कमरेजवळ पँट वर ओढायचा शेवटचा तुकडा फक्त मुलाने करायचा, तो जमला की त्याआधीचा, असं करत करत मागे जायचं, याला महिने लागतात पण प्रत्येक वेळी काम पूर्ण मुलाच्या हातून होतं. जेवणाचंही तेच. सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा नसलेल्या) मुलाला आडवं ठेवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून पाठ, मान, पाय नीट टेकवून बसवायचं, हे आम्हा पालकांनाही तिथेच शिकवतात. बोलता न येणारं मूल चित्रावर बोट ठेवून किंवा नुसत्या नजरेने पाणी मागायला लागतं तेव्हा घरातली निम्मी रडारड थांबते. हे शिक्षण नाही तर काय आहे? आणि हे मनाला येईल तसं चालत नाही, प्रत्येक मुलाचा वेगळा आयईपी, म्हणजे त्याच्यापुरता शिक्षणाचा आराखडा लिहितात, जय वकील शाळेने तयार केलेला दिशा अभ्यासक्रम राज्यातल्या विशेष शाळांमध्ये वापरतात. (ही शाळा मुंबईत १९४४ साली एका आईवडिलांनी स्वतःच्या मुलीसाठी सुरू केली.)

"घरी ठेवा" म्हणणाऱ्यांना, शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्वाच्या मुलांना घरी शिकायचा हक्क दिलाय खरा, पण तो हक्क आहे, सक्ती नाही. घरी फिजिओ कोण देणार, बरोबरीची मुलं कुठून आणणार?

काही शाळा खरंच वाईट चालतात, मान्य. तिथे तपासणी करा, विशेष शिक्षक भरा, गाडी द्या. साध्या शाळेत ज्याला जमेल त्याने जरूर जावं, पण तिथेही रॅम्प, मदतनीस, प्रशिक्षित शिक्षक आधी लागतील ना? आणि मेसेज पाठवायचाच असेल तर १८ नंतर आमच्या मुलांनी जायचं कुठे ते विचारणारा पाठवा, कारण तेव्हा शाळा संपते आणि अपंगांसाठीच्या कार्यशाळेतलं वस्तू बनवायचं काम ज्यांना जमत नाही ती मुलं परत घरातच बसतात.