दहा टिंबं, मग पिवळी पट्टी

पुण्याजवळच्या गहुंज्याच्या क्रिकेट कसोटीत पहिल्याच दिवशी, २४ ऑक्टोबर २०२४ला, प्रेक्षकांना प्यायला पाणी मिळेना, ही बातमी आली आणि आमच्या घरच्या ग्रुपवर रणकंदन सुरू झालं. बहुतेक स्टँडवर छप्पर नाही, ऑक्टोबरचं ऊन आणि नळ कोरडे. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने माफी मागितली. धाकट्या भावाचं म्हणणं एकच, "ताई, तुमच्याकडे असं कधी झालं असतं का?"

झालंय. इथे, माझ्या घरापासून तासाभरावर.

मी अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावात राहते. इंजिनांच्या कामामुळे कोथरूडमधून इथे आलेली मराठी घरं बरीच आहेत. टोनी स्ट्युअर्ट या गावचा. नॅसकार ही संस्था भरवते त्या मोटारींच्या शर्यतींत तो नावाजलेला, आणि २००५ आणि २००७ साली त्यातली इंडियानापोलिसची 'ब्रिकयार्ड ४००' ही शर्यत त्याने जिंकली तेव्हा इथल्या लोकांना आपलं पोर जिंकल्याचा आनंद झाला होता. २००८च्या २७ जुलैला अर्धं गाव इंटरस्टेट ६५ हा महामार्ग धरून उत्तरेला त्याच शर्यतीला गेलं, ते याच ओढीने.

शेजारचे आजोबाही गेले होते. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. त्यांची एक वही आहे. दर फेरीला पेन्सिलीचं एक टिंब, आणि पिवळा झेंडा पडला, म्हणजे धोक्यामुळे शर्यत थांबवून सगळ्या गाड्या संथ चालवायला लावल्या, की पिवळ्या खडूची आडवी पट्टी. कानाला स्कॅनर लावून ड्रायव्हर आणि टीमचं बोलणं ऐकायचं आणि टिंबं मांडत जायचं. बाकीच्या वर्षांच्या पानांवर टिंबांच्या लांबच लांब रांगा आहेत. २००८चं पान त्यांनी मला उघडून दाखवलं तेव्हा आधी वाटलं, नातवंडाने रंगवलंय. दहा-बारा टिंबं, पट्टी. पुन्हा दहा-बारा, पुन्हा पट्टी. १६० फेऱ्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश फेऱ्या पिवळ्या.

झालं होतं असं. त्या वर्षी सगळ्या गाड्या नव्या घडणीच्या होत्या. गुरुत्वमध्य आधीपेक्षा वर गेलेला. इंडियानापोलिसचा अडीच मैलांचा ट्रॅक सतत डावीकडे वळतो, म्हणजे वळणावर सगळा भार उजव्या टायरांवर. त्यात तिथला पृष्ठभाग हिऱ्याच्या पात्यांनी घासून खरबरीत केलेला. एरवी शर्यत रंगत जाते तसं टायरचं रबर ट्रॅकला चिकटतं आणि टायरांची झीज कमी होते. त्या दिवशी रबर चिकटलंच नाही, त्याची नुसती काळी भुकटी होऊन उडत राहिली. दहा-बारा फेऱ्यांत टायर आतल्या धाग्यांपर्यंत घासले जायचे. टायर पुरवणारी कंपनी एकच, गुडइयर, त्यामुळे बदलून दुसरे घेण्याची सोय नाही. शेवटी आयोजकांनी दर थोड्या फेऱ्यांनी पिवळा झेंडा दाखवून सगळ्यांना टायर बदलायला लावलं. जिमी जॉन्सन जिंकला, पण ती शर्यत म्हणजे तुकड्या तुकड्यांची गोधडी होती.

झेंडा दाखवला याबद्दल माझी तक्रार नाही. फुटलेल्या टायरनिशी त्या वेगाने भिंतीवर जाणारा माणूस कुणाला बघायचा आहे? ड्रायव्हरचा जीव आधी. माझा राग आहे तो आधीच्या महिन्यांवर. नव्या गाडीसाठी इथल्या टायरची चाचणी एप्रिलमध्ये झाली होती, ती जेमतेम तीन गाड्यांवर. त्याच मार्चमध्ये अटलांटाच्या शर्यतीनंतर स्ट्युअर्टने टायरांवर उघड आणि कडक टीका केली होती, म्हणजे इशारा मिळाला होता. मी स्वतः इंजिनं तपासण्याचं काम करते. चाचणी अपुरी राहिली की शेवटी बिल वापरणाऱ्याच्या नावावर फाटतं, हे मी रोज सांगत असते. इथे ते फाटलं कूलर उचलून, पोरं घेऊन, सकाळपासून उन्हात बसलेल्या माणसांच्या नावावर.

आणि आजोबांचा हा दुसरा धक्का होता. पहिला २००५च्या जूनमधला, त्याच मैदानात, फॉर्म्युला वनच्या शर्यतीत. सरावात राल्फ शूमाकरचा टायर गेला, टायर कंपनी मिशेलिनने आपले टायर सुरक्षित नाहीत असं कळवलं, आणि सुरुवातीच्या संथ फेरीनंतर ते टायर लावलेल्या चौदा गाड्या थेट पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यात, शिरल्या. शर्यत झाली सहा गाड्यांची. त्या सहांत आपला नरेन कार्तिकेयन होता. तो चौथा आला, पाच गुण मिळवले, फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय. त्या रात्री मी कोथरूडला टीव्हीसमोर बसून आनंदाने ओरडले होते. नरेनने गाडी शेवटपर्यंत नेली, ते गुण त्याच्या हक्काचेच. पण स्टँडमधून ट्रॅकवर बाटल्या पडत होत्या त्या मी नीट पाहिल्याच नव्हत्या. आजोबा त्याच स्टँडमध्ये नातवाला घेऊन बसले होते. नातू सारखा विचारत होता, बाकीच्या गाड्या कधी येणार?

तेव्हा भावाला मी हेच सांगितलं की इकडची माणसं सोन्याची आणि आपली मातीची, असं काही नाही. फरक नंतरच्या वागण्यात दिसला. मिशेलिनने तिकिटांचे पैसे परत दिले, आणि पुढच्या वर्षाची वीस हजार तिकिटं विकत घेऊन प्रेक्षकांना वाटायची तयारी दाखवली. २००८ला नॅसकारच्या जबाबदार अधिकाऱ्याने माफी मागितली, टायर कंपनीने तिथे नव्याने चाचण्या घेतल्या, आणि २००९ला टायर टिकले. त्या वर्षीच्या पानावर टिंबांच्या रांगा आहेत. मीही गेले होते. पण स्टँडमध्ये रिकाम्या बाकांचे पट्टे दिसत होते. पुढे गर्दी आटतच गेली, २०२१पासून तीन वर्षं शर्यत अंडाकृती ट्रॅक सोडून आतल्या वळणावळणाच्या ट्रॅकवर नेली, आणि २०२४च्या जुलैमध्ये ती जुन्या अंडाकृती ट्रॅकवर परत आली.

आपल्याकडे रिकामे बाक हे शस्त्र चालत नाही. २०१७च्या फेब्रुवारीत याच गहुंज्यात भारत १०५ आणि १०७ वर बाद झाला, कसोटी तीन दिवसांत आटोपली, आयसीसीने खेळपट्टीला 'निकृष्ट' ठरवलं. तरी पुढच्या सामन्याला माणसं आलीच, कारण क्रिकेटवर आपला जीव आहे. त्या जिवाचा आधार घेऊन कुणी आपल्याला गृहीत धरावं, हे मला सहन होत नाही. ग्रुपवर काका लिहितात, "एवढं तर चालायचंच, सामना बघायला जाता की पाणी प्यायला?" काका, उन्हात सात तास बसणारा माणूस पाणी मागतो तेव्हा तो चोचले करत नसतो.

इंडियानापोलिसला आपला कूलर, आपलं पाणी, आपले सँडविच आत नेता येतात. आजोबांच्या कूलरमधून मी स्वतः पाणी प्यायले आहे. आपल्याकडे गेटवर बाटली काढून घेतात. सुरक्षेचं कारण मला समजतं, बाटल्या मैदानात पडतात हे २००५च्या त्याच स्टँडने दाखवलंय. पण बाटली काढून घेतली त्या क्षणी पाणी पुरवण्याची जबाबदारी ती काढून घेणाऱ्याची झाली. नळ चालू आहेत का हे सामन्याच्या आदल्या दिवशी तपासायचं, स्टँड भरलेला आहे असं धरून. तीन गाड्यांवर टायर तपासून त्रेचाळीस गाड्या सोडण्यातली चूक हीच होती.

वहीच्या त्या पानाचा फोटो मी भावाला पाठवलाय. तो म्हणाला, असोसिएशनला पत्र लिहितो, तू मसुदा बघ. काल रात्री आम्ही फोनवर पहिली दोन वाक्यं लिहिली: प्रत्येक स्टँडमध्ये पिण्याच्या पाण्याचे नळ किती आहेत ते तिकिटावर छापा. आणि लवचीक, रिकामी प्लास्टिकची पिशवीवजा बाटली आत न्यायला परवानगी द्या.