‘सैतानी फासे’वाल्या मेसेजला उत्तर

आठवडाभर नागपुरातल्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: “डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा सैतानी खेळ आपल्या शहरात आलाय. मुलं मंत्र म्हणून भुतं बोलावतात. अमेरिकेत एक मुलगा हा खेळ खेळत भुयारात शिरला आणि मेला. फासे टाकणं म्हणजे जुगार. एकेका मुलाचे पन्नास हजार जातात. मुलांना खरं-खोटं कळेनासं होतं. अकरा जणांना पाठवा.” धरमपेठेतल्या आमच्या टेबलावर एक अकरावीतला मुलगा येतो. त्याच्या मावशीला हा मेसेज आला, तिने तो त्याच्या आईला पाठवला आणि संध्याकाळपर्यंत मुलाची वही आणि फासे कपाटात कुलूपबंद झाले. म्हणून मुद्द्याला मुद्दा लावून हे लिहावं लागतंय.

खेळ माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात आणि प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. एक जण डीएम, म्हणजे डंजन मास्टर, असतो. गाव, वाटा, शत्रू, हवामान सगळं तो सांगतो आणि खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका असली की फासा टाकायचा, बहुतेक वेळा वीस बाजूंचा. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी हा खेळ छापला, तेव्हापासून तो चालू आहे.

आधी भुयारातल्या मुलाचं बोलू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच मुद्दा करतो.

त्या मुलाचं नाव जेम्स डॅलस एगबर्ट. अत्यंत हुशार, वयाच्या सोळाव्या वर्षीच मिशिगन स्टेट विद्यापीठात शिकत होता. १५ ऑगस्ट १९७९ ला तो वसतिगृहातून नाहीसा झाला. घरच्यांनी विल्यम डिअर नावाचे खासगी गुप्तहेर नेमले. मुलगा हा खेळ खेळतो आणि विद्यापीठाखाली वाफेच्या पाइपांची भुयारं आहेत, एवढं त्यांना कळलं. दोन्ही जोडून त्यांनी एक तर्क मांडला आणि वर्तमानपत्रांनी तो देशभर पोहोचवला. महिनाभराने मुलगा लुइझियाना राज्यात सापडला. जिवंत. म्हणजे “भुयारात शिरला आणि मेला” हे धादांत खोटं आहे.

एक अर्धसत्य मात्र मान्य करावं लागतं. तो भुयारात गेला होता. पण खेळायला नाही, जीव द्यायला. त्यातून तो वाचला आणि नंतर दूर निघून गेला. पुढच्या वर्षी, १९८० मध्ये, त्याने अखेर आत्महत्या केली. हे कुणा खेळणाऱ्याने रचलेलं स्पष्टीकरण नाही. ज्या डिअर यांनी खेळाचा तर्क मांडला, त्यांनीच १९८४ मध्ये या प्रकरणावर पुस्तक लिहून खुलासा केला: मुलाला नैराश्य होतं, तो एकटा पडला होता, घरच्या अपेक्षांचं ओझं होतं, नशेच्या गोळ्या होत्या आणि खेळ हे कारण नव्हतं. अफवेच्या उगमापाशी उभ्या असलेल्या माणसाने चाळीस वर्षांपूर्वी ती मागे घेतली. तरी ती आज मराठीत उतरून आपल्या घरात येते.

याचा राग यासाठी येतो की एका खचलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला शोधताना सगळ्यांनी त्याच्या फाशांकडे पाहिलं, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. हा मेसेज आपल्यालाही तेच करायला सांगतो. क्लास, टेस्ट सिरीज आणि रँक यांत अडकलेली या वयाची मुलं नागपुरात घरोघरी आहेत. मूल झोपत नसेल, जेवण टाळत असेल, मित्रांना भेटणं सोडलं असेल, “मी नसतो तर बरं झालं असतं” असं म्हणत असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि १४४१६ ला फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा, विनामूल्य आणि चोवीस तास. अशा मुलाचा आठवड्यातून एकदा भेटणारा चार मित्रांचा गट तोडला, तर त्याच्या हातचा शेवटचा आधार जाऊ शकतो.

आता मंत्र आणि भुतं. जादूगाराचं पात्र ‘फायरबॉल’ टाकतं तेव्हा टेबलावर काय होतं ते बघा. डीएम विचारतो, किती अंतरावर? नियमात मर्यादा १५० फूट, आगीचा घेर २० फूट त्रिज्येचा. मुलगा सहा बाजूंचे आठ फासे टाकतो आणि बेरीज करतो. सरासरी २८ येते. समोरच्याने वेळेत अंग चोरलं तर निम्मी इजा. झालं. या जादूपुढे पुस्तकात ‘व्ही’ हे अक्षर छापलेलं असतं. पात्राने काहीतरी उच्चारावं लागतं एवढाच त्याचा अर्थ. कोणते शब्द ते कुठेच दिलेलं नाही. म्हणायला मंत्रच नाही. हो, जादूला लागणाऱ्या साहित्यात वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लिहिलंय, ते वाचून कुणी दचकला असेल तर समजू शकतो. पण तेही पात्राच्या कागदावरच्या थैलीत असतं आणि ती थैली कागदावरच्याच २५ सोन्याच्या नाण्यांना मिळते.

राक्षस पुस्तकात आहेत, हे नाकारत नाही. अस्वलाला असतो तसा त्यांनाही चिलखताचा आकडा आणि जीवाचा आकडा असतो, आणि बहुतेक वेळा खेळाडू त्यांच्याशी लढतच असतात. तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात, अख्खं शहर “घेऊन जा गे मारबत” ओरडतं. त्याला कुणी भूतपूजा म्हणतं का? झाडीपट्टीच्या नाटकात रात्रभर खलनायक करणारा नट सकाळी शेतावर जातो. सोंग म्हणजे काय, हे विदर्भाला नव्याने शिकवायची गरज नाही.

जुगार? महाराष्ट्राचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा आहे. जुगारात काहीतरी पणाला लावावं लागतं. या खेळात पैसा पणाला लागत नाही आणि कुणी जिंकत-हरतही नाही, सगळे एकाच बाजूने असतात. वीस बाजूंच्या फाशावर वीस यायची शक्यता ५ टक्के. नियमाने सवलत मिळाली तर दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, मग ती ९.७५ टक्के होते. मुलं हे तोंडी करतात. पुढचा मुद्दा.

पन्नास हजार! परदेशी पुस्तकं महाग आहेत, हे खरं. रंगीत फासे आणि बाहुल्या घ्यायला लागलं तर खिसा रिकामा होतो, हेही खरं. पण त्यातलं सक्तीचं काहीच नाही. मूळ नियमांचा संच जानेवारी २०२३ पासून खुल्या परवान्यावर आहे, फुकट उतरवून घेता येतो. नव्या पात्राच्या पहिल्या पातळीसाठी त्यातली मोजकी पानं झेरॉक्स केली तरी पुरतात.

वीस बाजूंचा फासा नसेल तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या, एकाच कागदाच्या, सारख्या घडीच्या, स्टीलच्या डब्यात. प्रत्येक वेळी काढलेली चिठ्ठी परत टाकून डबा हलवायचा. इथेच नवे गट चुकतात. चिठ्ठ्या बाहेर राहिल्या तर शक्यता दर खेपेला बदलते आणि शेवटच्या चिठ्ठीवर काय आहे ते सगळ्यांना आधीच कळतं. नकाशाला ड्रॉइंग शीट, पात्रांना कॅरमच्या सोंगट्या. मात्र सोंगटी साधारण सव्वा इंचाची असते, नेहमीच्या एक इंची चौकटीत मावत नाही, शेजारच्या घरात सरकते आणि मग कोण कुठे उभा होता यावरून वाद. म्हणून दीड इंची चौकटी आखा. २२ बाय २८ इंचांच्या शीटवर १४ बाय १८ चौकटी बसतात, गोष्टीतल्या एका वाड्याच्या नकाशाला भरपूर. मे महिन्यात कूलरसमोर बसणार असाल तर प्रत्येकाला परीक्षेचं पॅड द्या, नाहीतर पात्रांचे कागद खोलीभर उडतात.

राहिलं “खरं-खोटं विसरतात”. दर दोन मिनिटांनी थांबून बेरीज करावी लागणाऱ्या खेळात कुणी स्वतःला विसरत नाही. वेळ मात्र जातो. ही तक्रार रास्त आहे आणि ती आयोजकांनी ऐकली पाहिजे. एक बैठक तीन-साडेतीन तासांची असते. सात खेळाडू घेतले तर लढाईत प्रत्येकाला तीन मिनिटं धरली तरी पुन्हा पाळी यायला वीस मिनिटं लागतात, मुलं मोबाइल काढतात आणि खेळ रात्री दहापर्यंत रेंगाळतो. चार किंवा पाचच घ्या. संपायची वेळ आधी सांगा आणि लढाई अर्धवट असली तरी त्या वेळेला थांबा. परीक्षेच्या महिन्यांत अनेक बैठका चालणारी लांबलचक गोष्ट, म्हणजे कॅम्पेन, बंद ठेवून एका बैठकीत संपणारा वन-शॉट लावा.

सगळे डीएम चांगले असतात असंही नाही. काही जण रक्तपात आणि छळ रंगवण्यातच रमतात आणि तेरा वर्षांचं मूल समोर आहे याचं भान ठेवत नाहीत. म्हणून मुलाला पाठवण्याआधी पालकांनी डीएमला तीन गोष्टी विचाराव्यात. टेबलावर कोणकोणत्या वयाचे लोक आहेत? सुरू करण्याआधी, काय नको ते प्रत्येकाकडून नाव न घालता चिठ्ठीवर लिहून घेतलंत का? आणि खेळ चालू असताना एखाद्याला प्रसंग सहन झाला नाही, तर थांबवायची खूण काय ठरली आहे? बरीच टेबलं त्यासाठी मधोमध फुली मारलेलं एक कार्ड ठेवतात. त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. या तिन्हींची उत्तरं चटकन मिळाली नाहीत तर मुलाला त्या टेबलावर पाठवू नका. मिळाली तर कपाट उघडा आणि वही परत द्या.