गुरुवार सोडून कधीही

घरचा छोटा सर्व्हर फ्रीबीएसडी नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो असं सांगितलं की लोक विषय बदलतात. तो मी सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडपासून स्वतः बांधून, अपडेट करतो म्हटलं की जागा बदलतात. तयार बायनरी मिळत असताना हा उद्योग कशाला? हौस, दुसरं काय!

आमच्या कोथरूडात या हौसेला एकच पथ्य : गुरुवारी हात लावायचा नाही. देखभाल-दुरुस्तीसाठी वीज जायचा तो वार. बाकी दिवशी आधी सोर्समधली 'अपडेटिंग' नावाची फाइल वाचायची. ही अस्सल पुणेरी पाटी : तारीखवार, नेमकी, गोडवा शून्य. न वाचता पुढे गेलात तर जबाबदारी तुमची.

मग झेडएफएस या फाइल सिस्टीमवर जुन्या प्रणालीचं बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे गरज पडली तर परत बूट करता येईल अशी प्रत, राखून ठेवायचं आणि 'मेक बिल्डवर्ल्ड' हा बांधकामाचा हुकूम ठोकायचा. सगळ्यात जास्त वेळ एलएलव्हीएम आणि क्लँग खातात, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम करणारा कंपायलरच. कंपायलरनं प्रणाली बांधायची आणि तिच्यासोबत कंपायलरही बांधायचा, असा तो कारभार. पंखा घोंघावू लागला की कामाच्या मावशी दारातून विचारतात, "दादा, मशीन लई तापलंय, बटण बंद करू?" म्हणून त्या बटणावर मी चिकटपट्टी लावली आहे.

खरं तर इथवर वीज गेली तरी फारसं बिघडत नाही. चालू प्रणालीला अजून धक्काच लागलेला नसतो. जीव टांगणीला लागतो तो इन्स्टॉलला. आधी कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, मग रीबूट, मगच वर्ल्ड, म्हणजे बाकीची प्रणाली. नवा कर्नल जुन्या प्रोग्रामांना सहसा सांभाळून घेतो. जुना कर्नल नव्यांना सांभाळेलच याची खात्री नाही. (आमच्या सोसायटीच्या कमिटीत नेमकं उलटं आहे, पण ते असो.) नवा कर्नल रुसलाच तर 'कर्नल डॉट ओल्ड', म्हणजे आधीचा कर्नल, हाताशी असतो.

त्यानंतर 'ईटीसीअपडेट', सेटिंगच्या फायली जुळवणारा प्रोग्राम. एखाद्या फायलीत मी बदललेली ओळ आणि फ्रीबीएसडीवाल्यांनी बदललेली ओळ भिडली की ते विचारतं : 'एमएफ', म्हणजे माझं ठेवा, 'टीएफ', म्हणजे त्यांचं, 'पी', म्हणजे नंतर बघू. 'पी'वर बोट आपोआप जातं.

शेवटी 'मेक डिलीट-ओल्ड'. नको झालेली एकेक फाइल दाखवून विचारतं, काढू का? मी 'वाय' दाबत बसलो होतो, तेवढ्यात बायको मागे येऊन उभी राहिली.

"जुनं सगळं टाकतोयस? विचारून विचारून?"

"हो."

"मग हेच माळ्यावर चालव ना!"

आतून आई कडाडली, "माळ्याला हात लावायचा नाही!"