निम्मं गवत

"दोन तास पन्नास मिनिटं. त्यातलं निम्मं गवत." कट्ट्यावर टेकता टेकताच अव्यानं निकाल लावून टाकला.

रविवारी आम्ही चौघांनी मिळून 'द थिन रेड लाइन' पाहिला होता. पाहायचा हट्ट माझा, म्हणजे जाब देणंही माझ्याच गळ्यात. अव्या चिडलेला. मंद्यानं मूळ कादंबरी वाचलेली, त्यामुळे त्याची वेगळीच तक्रार. मेघना संकलनाचं काम करते. ती सुरुवातीला गप्प होती, आणि ती गप्प असली की मला धाकधूक होते.

"युद्धाचा पिक्चर आहे ना? मग कोण कुठे आहे, काय जिंकायचंय, ते कळायला नको? त्याच वर्षी, १९९८ ला, 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' आला. पहिल्या अर्ध्या तासात ओमाहा बीचवर तुझा श्वास कोंडतो. इथे पोरं धावतात, पडतात, आणि मध्येच कुणीतरी देवाशी बोलायला लागतो. कोण बोलतोय तेसुद्धा कळत नाही," अव्या म्हणाला.

'रायन'ची ती सुरुवात मी कधीच कमी लेखणार नाही. पण किनारा ओलांडल्यावर तो सिनेमा सैनिकांच्या हातात एक काम देतो. एका माणसाला शोधून घरी पाठवायचं. त्या कामामुळे मरणाला अर्थ मिळतो आणि आपण जरा सावरून बसतो. 'थिन रेड लाइन'चा दिग्दर्शक टेरेन्स मॅलिक तो आधार देत नाही. पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनल बेटावरच्या टेकडीवरचा बंकर घ्यायचाय, तो घेतला जातो, आणि घेतल्यावर सैनिकांना जिंकल्यासारखं काही वाटतच नाही. छावणीत समोर येतात ती हाडं वर आलेली, रडणारी, हात जोडलेली जपानी माणसं.

"ते मात्र खरं होतं," मंद्या म्हणाला. "ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकन तिथे उतरले, फेब्रुवारी १९४३ पर्यंत लढाई चालली. जपान्यांचा रसदपुरवठा तुटला होता. गोळीपेक्षा भूक आणि रोगराईनं माणसं मेली. ते स्वतःच त्याला भुकेचं बेट म्हणायचे."

"बरं, पण गवत?" अव्या काही मुद्दा सोडायला तयार नव्हता.

मग मी त्याला तो हल्ला पुन्हा सांगितला. हिरवा उतार, कमरेएवढं गवत, वर कुठेतरी बंकर, खाली अख्खी कंपनी पालथी पडलेली. लेफ्टनंट दोन पोरांना हातानं खूण करतो, पुढे व्हा. ती उठतात, चार पावलं जातात, दोन गोळ्या, आणि दोघंही गवतात नाहीशी होतात. ना किंकाळी, ना पार्श्वसंगीत. क्षणभर काहीच घडत नाही. मग ढग सरकतो आणि ऊन सावकाश त्या उतारावरून पसरत जातं. दोन पोरं आत्ता मेली आणि गवताला त्याचं काही नाही. हे मी इतर कुठल्या युद्धपटात इतकं स्वच्छ पाहिलेलं नाही.

आणि ते लाजाळू! गोळीबार चालू असताना एक सैनिक पडल्या पडल्या बोटानं लाजाळूच्या पानाला हात लावतो आणि पान मिटतं. अव्याला हीच उधळपट्टी वाटली होती. माझं म्हणणं असं, की जमिनीला नाक लावून पडलेल्या माणसाला दुसरं दिसणार तरी काय? नकाशा कर्नलकडे आहे. या पोराला वीतभर अंतरावरचं पान दिसतंय, आणि ते पान तो स्वतः जे करतोय तेच करतंय, अंग चोरून घेतंय.

मेघना इथे पहिल्यांदा बोलली. "तो उन्हाचा शॉट ठेवायला छाती लागते. टेबलावर बसलं की हात पहिला अशाच शॉटवर जातो. काही घडत नाही ना, मग काप." मग तिनंच अव्याची बाजू घेतली. "पण आवाजांचं तू म्हणतोस ते मला मान्य आहे. सुरुवातीचं निवेदन मी विट या सैनिकाचं समजत होते."

बऱ्याच जणांना तसं वाटतं. तो आवाज ट्रेन नावाच्या पोराचा आहे, जहाजावर सार्जंट वेल्शला 'मला भीती वाटतेय' असं सांगणारा तोच. पिक्चरमध्ये तो जेमतेम दिसतो. मला ही चूक वाटत नाही. उलट इथेच सगळा जीव आहे. कंपनीतली भीती एकाची नसतेच. ती याच्याकडून त्याच्याकडे जाते, आणि प्रश्नही तसेच जातात. कोणाचा आवाज आहे हे शोधणं सोडून दिलं, की तो सिनेमा उघडतो.

"म्हणजे न कळणं हाच गुण?" अव्या म्हणाला. "मग कुठल्याही गोंधळाला तू असंच वाचवशील."

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी टॉल आणि स्टारोसकडे वळलो, कारण तिथे कसलाही गोंधळ नाही. मागे सुरक्षित बसलेला कर्नल टॉल फोनवर ओरडतोय, समोरून हल्ला करा. कॅप्टन स्टारोस सांगतो, मी माझ्या माणसांना तसं पाठवणार नाही, आणि माझ्याजवळ साक्षीदार आहेत. टॉल झालेल्या निक नोल्टीच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसतात. या माणसानं युद्धाची आयुष्यभर वाट पाहिली आहे, वरच्यांची हांजी हांजी केली आहे, आणि आता संधी हातातून निसटतेय. तो राक्षस नाही, हीच भीतीची गोष्ट. त्याच्याच दट्ट्यामुळे टेकडी मिळते. स्टारोसमुळे माणसं वाचतात. शेवटी स्टारोसलाच कंपनीतून काढलं जातं, वर त्याला पदकाची शिफारस. यात कोण बरोबर, हे सांगायची घाई सिनेमा करत नाही.

अव्यालाही हा भाग आवडला होता. "हाच पिक्चर असता तर दोन तासांत संपला असता," तो म्हणाला. "आणि त्या एका सैनिकाच्या आठवणीतली झोपाळ्यावरची बायको पुन्हा पुन्हा कशाला?" त्या झोपाळ्याची बाजू मी मांडणार नाही. तिचं घटस्फोट मागणारं पत्र येतं तेव्हा पोटात खड्डा पडतो हे खरं, पण त्यासाठी इतक्या आठवणी लागत नव्हत्या. टेकडी घेतल्यानंतरचा भागही सैल आहे, हेही मी कबूल केलं.

मंद्याचं दुखणं निराळं. जेम्स जोन्स स्वतः ग्वाडलकॅनलवर लढला, जखमी झाला, आणि १९६२ ची त्याची कादंबरी मातीतली आहे. तिथे सैनिक दारू मिळवतात, बढतीवर डोळा ठेवतात, एकमेकांना शिव्या घालतात. "मॅलिकनं त्या शिव्यांची प्रार्थना केली. कादंबरीतला कॅप्टन स्टाइन ज्यू आहे. आपल्याला वेगळं वागवतात का, हा त्याचा सल पिक्चरमध्ये गेलाच, कारण इथे तो ग्रीक करून टाकला." मी कादंबरी वाचलेली नाही, म्हणून तिथे ऐकून घेतलं. एवढंच म्हटलं, की वेल्शच्या तोंडी ती माती अजून आहे. गोळ्यांच्या पावसात जखमी पोरापर्यंत मॉर्फिन पोहोचवून तो परत येतो, स्टारोस पदकाचं बोलतो, आणि वेल्श खवळतो. हे सगळं मालमत्तेसाठी चाललंय, म्हणतो. यात प्रार्थना कुठे आहे?

फाइफ या सैनिकाचं काम करणाऱ्या एड्रियन ब्रॉडीबद्दल मेघनाला वाईट वाटत होतं. कादंबरीत मध्यवर्ती असलेली भूमिका संकलनात जवळपास संपली, मिकी रुर्क तर अख्खाच गेला. "वीस वर्षांनी दिग्दर्शनाकडे परतलेला माणूस नटांना कापत गेला आणि गवत ठेवत गेला," ती म्हणाली. सात ऑस्कर नामांकनं, एकही मिळालं नाही, बर्लिन महोत्सवात मात्र १९९९ चं गोल्डन बेअर. दुमत त्या वर्षापासूनच आहे.

मग तिनं खरा घाव घातला.

"तुला तो म्हातारा आठवतो? सैनिकांची रांग बेटावर आत शिरतेय, आणि तिथलाच एक म्हातारा समोरून येतो, त्यांच्याकडे न बघता निघून जातो."

आठवतो म्हणजे काय! मला त्या सिनेमातली ती सर्वांत मोठी जागा वाटते. बेट कुणाचं आहे, ते त्या चार पावलांत कळतं.

"पण ग्वाडलकॅनलचे लोक नुसते समोरून निघून जात नव्हते. जेकब व्हाउझा नावाचा निवृत्त पोलीस होता. जपान्यांनी त्याला झाडाला बांधून भोसकलं, तो सुटला, रक्ताळलेला अमेरिकनांच्या ठाण्यापर्यंत पोहोचला आणि हल्ला येतोय हे सांगून वाचलाही. असे कितीतरी जण वाटा दाखवत होते, ओझी वाहत होते. पिक्चरमध्ये ते समुद्रात पोहतात आणि गाणी म्हणतात."

मी म्हणालो, तो स्वर्ग विटच्या डोळ्यांतला आहे, आणि सिनेमा तो मोडतोसुद्धा. इथली मुलं भांडत नाहीत असं विट म्हणतो, तर तिथली बाई लगेच सांगते, भांडतात की. पुढे तो गावात परततो तेव्हा मोठी माणसं तावातावानं वाद घालताहेत, मुलं त्याला बिचकताहेत, एका जागी कवट्या मांडलेल्या आहेत.

"तरी ते विटनंच पाहिलेलं," मेघना म्हणाली. "तू मघाशी म्हणालास, भीती एकाची नसते, म्हणून आवाज सगळ्यांना वाटून दिलाय. चांगलंय. मातीतून फक्त चेहरा वर राहिलेल्या मेलेल्या जपान्यावरसुद्धा आवाज आहे. मग त्या म्हाताऱ्याच्या मनात काय चाललंय, ते एकदाही का ऐकू येत नाही?"

अव्या माझ्याकडे बघत होता. मी तो शॉट मनात पुन्हा चालवून पाहिला. सैनिक, गवत, म्हातारा, त्याची पाठ. मला उत्तर सापडलं नाही.