‘कलमच नाही, मग जबाबदारी कसली?’ : शेरूच्या बाबांना उत्तर

शेरूचे बाबा, नमस्कार. प्रतिक्रियेखाली तुम्ही हेच नाव लिहिलंय, म्हणून मीही तेच वापरतो. प्रतिक्रिया रागात लिहिलेली आहे हे दिसतंच आहे. पण तिच्यातला एक मुद्दा असा आहे, की त्यावर पोलीस चौकीपासून सोसायटीच्या ऑफिसपर्यंत सगळीकडे गोंधळ होतो. म्हणून खाली दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ठाण्याजवळच्या येऊरमधल्या एका बंगल्याचं फाटक रात्री उघडं राहिलं. पहाटे तिथले दोन रॉटवायलर बाहेर पडले, शेजारच्या पाड्यावरच्या गोठ्यात शिरले आणि तीन शेळ्या फाडल्या. त्यातली एक गाभण होती. मालकांनी केअरटेकरच्या हाती दोन हजार रुपये आणि एक ‘सॉरी’ पाठवलं. मी लिहिलं की दोन हजारांत हे मिटत नाही, मालकाने पूर्ण भरपाई द्यायला हवी. त्यावर तुमचं म्हणणं असं: कायदा माणसाला चावल्यावर लागतो, जनावराला चावल्यावर नाही. पाठलाग करणं हा कुत्र्याचा स्वभाव आहे, त्याला मालक काय करणार? पाड्यावरचे लोक शेळ्या मोकाट सोडतात त्याचं काय? आणि असे लेख वाचूनच सोसायट्या श्वानपालकांना छळतात. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘उद्या माझ्या शेरूने कुणाची कोंबडी मारली तर मला आत टाकणार का?’

आधी कलमाचं बघू. तुम्ही भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ दिलंत, आणि ते तुम्ही वाचलेलं आहे हे कळतं. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड विधानात २८९ होतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत तशीच राहिली, दंडाची मर्यादा मात्र एक हजारावरून पाच हजारांवर गेली. आपल्या ताब्यातल्या जनावराची पुरेशी खबरदारी न घेणं हा तो गुन्हा. पण धोका कुणाला? माणसाच्या जिवाला, किंवा माणसाला जबर दुखापत होण्याचा. शेळी, कोंबडी, मांजर, दुसऱ्याचा कुत्रा यात बसत नाहीत. म्हणूनच येऊरच्या लेखात मी हे कलम घेतलंच नव्हतं. वर्तमानपत्रांत गाजतात त्या सगळ्या शिक्षा माणसांना चावल्याबद्दलच्या. वरळीत एका लिफ्टमध्ये २०१८ साली कुत्रा शेजाऱ्याला चावला आणि २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली, ते प्रकरणही तसलंच. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचा २०२३चा निकाल व्हॉट्सॲपवर फिरत असतो, ‘दाताच्या प्रत्येक खुणेमागे दहा हजार’ म्हणून. तोही माणसांना झालेल्या इजेबद्दलचा आहे, आणि त्यात भरपाईची मुख्य जबाबदारी सरकारवर टाकली आहे. तुमच्याच प्रतिक्रियेखाली एकाने विचारलंय, शेळीच्या अंगावरच्या खुणा मोजून ठेवू का? फोटो काढा, पण त्या हिशेबाने नको.

इथपर्यंत आपलं एकमत आहे. पण इथून तुम्ही थेट ‘म्हणजे मालक जबाबदार नाही’ या निष्कर्षावर उडी मारलीत. फौजदारी कलम शिक्षेसाठी असतं. नुकसानीचे पैसे मागायला ते लागतच नाही. तुमच्या गाडीने माझी भिंत पाडली तर तुम्ही तुरुंगात जाल की नाही हा एक प्रश्न, आणि भिंत कुणाच्या पैशाने उभी राहणार हा दुसरा. पाड्यावरच्या माणसाला मालक आत जाण्यात काडीचा रस नाही. त्याला शेळ्या हव्यात.

दिवाणी कायद्याच्या नजरेत जनावर ही जंगम मालमत्ता आहे. (तुम्ही शेरूला घरातला सदस्य म्हणता ते मला पटतं, पण कायद्याने तोही तुमची मालमत्ताच.) दुसऱ्याच्या जंगम मालमत्तेचं नुकसान केलं तर १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षांच्या आत भरपाईचा दावा लावता येतो. आपल्याकडे या विषयाचा वेगळा लिखित कायदा नाही. कोर्टं इंग्लंडमधून आलेली जुनी तत्त्वं न्यायबुद्धीला पटतील तेवढी लावतात. त्यातली दोन इथे कामाची. आपलं जनावर अंगावर जाणारं आहे हे मालकाला आधीपासून माहीत असेल, तर त्याने कितीही काळजी घेतली असली तरी तो जबाबदार. आणि माहीत नसलं, तरी निष्काळजीपणा दाखवता आला की जबाबदार. येऊरला फाटक रात्रभर उघडं होतं. यापेक्षा स्वच्छ निष्काळजीपणा कोणता?

गंमत म्हणजे ‘आधीपासून माहीत होतं का’ हा मालकाचा बचाव इंग्लंडमध्येच फार पूर्वी मोडीत निघाला. तिथे मेंढपाळाला सिद्ध करावं लागायचं, की या कुत्र्याला मेंढ्यांवर जायची खोड होती आणि मालकाला ते ठाऊक होतं. म्हणजे पहिला हल्ला जवळजवळ फुकटच. १८६५ साली तिथे कायदा करून गुरामेंढ्यांपुरती ही अट काढून टाकली, आणि आजच्या त्यांच्या १९७१च्या कायद्यातही कुत्र्याने पाळीव जनावर मारलं की मालकावर भरपाई येते. आपल्याकडे असा कायदा कुणी केला नाही. त्यामुळे पुरावा गोळा करायचं ओझं अजून शेळीवाल्याच्याच डोक्यावर आहे. ही माझी तक्रार आहे, आणि ती तुमच्याविरुद्ध नाही.

आता स्वभावाचा मुद्दा. पळणाऱ्या शेळीमागे कुत्रा धावणारच, असं तुम्ही लिहिलंय. मान्य. पण मग हे तुम्हाला आधीच माहीत होतं ना? जे होणार हे कुठल्याही शहाण्या माणसाला दिसतं, त्याची खबरदारी न घेणं म्हणजेच निष्काळजीपणा. ‘तो कुत्राच आहे हो’ हे वाक्य कोर्टात मालकाच्या बाजूने नाही, विरुद्ध बाजूने वापरलं जाईल. एवढं खरं, की सर्व कुत्र्यांचा स्वभाव आणि या एका कुत्र्याची खोड या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून मी पाड्यावरच्या लोकांना नेहमी सांगतो, की पहिल्या वेळी भांडू नका, पत्र द्या. तारीख घालून, काय झालं ते लिहून, मालकाची किंवा वॉचमनची पोच घेऊन. व्हॉट्सॲपवरचा मेसेजही चालतो, तो पुसू मात्र नका. पुन्हा तसंच घडलं तर ‘मला कल्पना नव्हती’ म्हणायची सोय मालकाला उरत नाही.

दुसऱ्या वेळी फौजदारी बाजूही बदलू शकते. नुकसान होणार हे ठाऊक असूनही केलेल्या कृत्याला आगळीक म्हणतात, ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये येते. जनावर मारून किंवा जायबंदी करून केलेली आगळीक कलम ३२५ मध्ये, आणि तिथे शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. पण त्याला हेतू किंवा जाणीव लागते. नुसतं फाटक उघडं राहिलं म्हणून हे कलम लागेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. चौकीत बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून मिळेल. ती घ्या, तारखेचा पुरावा म्हणून तिचा उपयोग होतो. आणखी एक वाट फारशी कुणाला माहीत नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी धोकादायक जनावर बंदिस्त ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. त्यात पैसे मिळत नाहीत, पण पुढच्या शेळ्या वाचतात.

मोकाट शेळ्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. शेळ्या तुमच्या बागेत शिरून जास्वंद खात असतील आणि तिथे कुत्र्याने धरल्या, तर शेळीवाल्याची बाजू पडते, निदान भरपाई तरी कापली जाते. पण तेव्हाही कुत्रा सोडणं हा मार्ग नव्हे. १८७१च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात शेळ्यामेंढ्यासुद्धा ‘गुरं’ धरल्या आहेत, आणि त्यावरचा इलाज कोंडवाडा हा आहे. पण येऊरच्या त्या शेळ्या कुठे होत्या? गोठ्यात, बांधलेल्या, पहाटे. चरायला नव्हत्या, रस्त्यावर नव्हत्या. बांधलेली शेळी पळूही शकत नाही. ‘यांनी कुंपण का घातलं नाही’ असं तुम्ही विचारता. अहो, कुंपण बंगल्याला होतं की, फाटकासकट.

मला खरा राग त्या दोन हजारांचा आहे. शेळीची किंमत म्हणजे खाटकाकडचा मटणाचा भाव, असं समजून तो आकडा काढला असावा, आणि तोही धड जुळत नाही. शेळी सुमारे पाच महिने गाभण असते. उस्मानाबादी जातीत जुळी करडं नवलाची नाहीत. म्हणजे गाभण शेळी मेली तेव्हा एक जनावर गेलं नाही, पुढचं वेतही गेलं, दूध गेलं, आणि त्यातला एखादा बोकड बकरी ईदपर्यंत वाढवला असता तर जे पैसे आले असते तेही गेले. दाव्यात हे सगळं मागता येतं, कागद असेल तर. म्हणून मेलेलं जनावर पुरायच्या आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, शवविच्छेदनाचा अहवाल घ्या, पंचनामा करा. कानात बिल्ला असेल तर त्यावरचा बारा अंकी क्रमांक टिपून ठेवा, ही शेळी आपलीच होती याचा तो सगळ्यात साधा पुरावा.

येऊरला शवविच्छेदन आणखी एका कारणाने लागतं. राष्ट्रीय उद्यानाला लागून वस्ती असल्याने बंगलेवाल्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘बिबट्या असेल.’ बिबट्या सहसा गळ्याला किंवा मानेला धरतो, आणि शिकार आडोशाला ओढून नेऊन खातो. कुत्रे मागच्या पायांना, कुशीला, कानांना, जिथे तोंड पोचेल तिथे फाडतात, एकापाठोपाठ एक मारतात आणि बरेचदा न खाता निघून जातात. तीन शेळ्या जागेवरच, जखमा मागच्या बाजूला, खाल्लेलं काही नाही. डॉक्टरांना हे सांगायला वेळ लागत नाही. आणि इथली विसंगती बघा: बिबट्याने शेळी मारली तर पंचनाम्यानंतर वनखात्याकडून भरपाई मिळू शकते. शिकलेल्या माणसाच्या कुत्र्याने मारली तर गरिबाने दावा लावायचा.

दाव्याला वर्षं लागतात हे मलाही माहीत आहे. म्हणून आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालतीत दावापूर्व प्रकरण म्हणून न्यावं. तिथे कोर्ट फी लागत नाही, आणि तडजोड झाली की तिला दिवाणी हुकूमनाम्याचंच बळ असतं, वर अपील नाही.

सोसायट्यांबद्दल तुम्ही लिहिलंय त्यातलं बरंच खरं आहे. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सर्वसाधारण सभेच्या ठरावानेही कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, आणि घोडबंदर रोडवर असे ठराव सर्रास होतात. त्याविरुद्ध मी याच ब्लॉगवर लिहिलंय आणि पुन्हा लिहीन. पण त्या लढाईत तुमची बाजू बळकट कशाने होते? माझ्या लेखाने बिघडत नाही ती, दोन हजार रुपये पाठवणाऱ्या तुमच्याच बिरादरीतल्या लोकांनी बिघडते.

पाड्यावरचे काही वाचकही हे वाचतात, त्यांच्यासाठी एक वाक्य. कुत्रा शेळीला धरून असताना काठी घालून सोडवणं वेगळं, ते मोठं नुकसान टाळण्यासाठी केलेलं कृत्य ठरतं. दुसऱ्या दिवशी पावात विष घालून टाकणं हा कलम ३२५चाच गुन्हा आहे, मग आधी शेळ्या कुणाच्याही मेल्या असोत.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. शेरूने कोंबडी मारली तर तुम्हाला कुणी आत टाकत नाही. कोंबडीवाल्याकडे स्वतः जा, केअरटेकरला पाठवू नका. गावठी कोंबडी अंड्यावर होती का, पिल्लं होती का, हे विचारून पैसे द्या आणि एका कागदावर दोघांच्या सह्या घ्या, म्हणजे नंतर आकडा वाढत नाही. शेळीला नुसता चावा बसला असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायला सांगा, आणि शेरूच्या रेबीज लसीचं कार्ड सोबत न्या. तरीही शेळीला डॉक्टर चाव्यानंतरचं लसीकरण सांगतील. साधारण पहिल्या इंजेक्शनचा दिवस शून्य धरून पुढे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी इंजेक्शनं असतात, त्याचा खर्चही तुमचा. शेरूवर दहा दिवस लक्ष ठेवा. आणि त्याचा विमा काढला असेल तर पॉलिसी उघडून तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचं संरक्षण त्यात आहे का बघा. असेल तर ते फक्त माणसाच्या इजेपुरतं आहे की मालमत्तेलाही लागू आहे, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या. शेजाऱ्याची शेळी दुसऱ्या खान्यात येते.