भरिताच्या पार्टीत भरीतच असू द्या

चंपाषष्ठी जवळ आली की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो, "यावर्षी भरीत कधी?" आणि दहा मिनिटात त्याच्याखाली दुसरा, "सोबत अजून काय काय करूयात?" माझं भांडण या दुसऱ्या मेसेजशी आहे.

आता जे खानदेशातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. चातुर्मासात बऱ्याच घरी कांदा, लसूण, वांगं बंद असतं. म्हणून तर आषाढात आधी कांदेनवमीला पोटभर कांदा खाऊन घेतात. काही घरी कार्तिकी एकादशीनंतर सुरू होतं, पण ज्यांच्याकडे खंडोबा आहे ते मार्गशीर्षातल्या षष्ठीपर्यंत थांबतात, त्या दिवशी तळी भरायची, येळकोट येळकोट जय मल्हार म्हणायचं, भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग वांग्यावर तुटून पडायचं. आमच्या जळगावकडे तर थंडी पडली की देव असो नसो, शेताशेतात भरीत पार्ट्या सुरू होतात. आम्ही पुण्यात आलो तरी हे खूळ काही सुटलं नाही. षष्ठी आठवड्याच्या मधेच आली तर घरी नैवेद्य करून घ्यायचा आणि येणाऱ्या रविवारी नातेवाईक, ऑफिसचे, बिल्डिंगमधले असे सगळे मिळून गच्चीवर.

तर यादी वाढायला लागते. एक वहिनी म्हणतात मी मटार पनीर आणते, मुलं तेच खातात. कुणी म्हणतं जिरा राईस तरी ठेवा गं, भात नको का. मामींचं म्हणणं, "पाहुण्यांना काय नुसतं वांगं वाढणार? लोक काय म्हणतील?" मग गुलाबजाम येतात, व्हेज कुर्मा येतो, आणि ज्याच्यासाठी एवढा घाट घातला ते भरीत ताटात लोणच्याच्या जागी जाऊन बसतं. हेतू सगळ्यांचा चांगलाच असतो हो, पण ज्या जेवणात दहा पदार्थ असतात ते जेवण करणाऱ्या बाईला लोकांशी धड दोन वाक्यं बोलता येत नाहीत, ती ओट्याशीच असते आणि सगळे गेल्यावर तिला कळतं की अरे, अमका पण आला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे की एक पदार्थ, पण तो नीट. आणि ते नीट म्हणजे काय, त्यातच एवढं काम आहे की दुसरं काही करायला वेळ उरतच नाही!

सुरुवात वांग्यापासून. आमची भरिताची वांगी जांभळी नसतात, हिरवी, पांढरट रेषा असलेली, चांगली मोठी, बिया कमी. 2016 साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आसोदा, बामणोद ही नावं तर आमच्याकडे वांग्यावरूनच घेतात. ती गावाहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मागवायची. मी माणशी तीनशे ग्रॅम कच्चं वांगं धरते, म्हणजे 25 माणसांना साडेसात-आठ किलो. जास्त वाटेल, पण भाजून, साल-देठ काढून वजन बरंच उतरतं आणि भरीत दुसऱ्यांदा न घेणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

मग पुऱ्यांसाठी कळणा. ज्वारी आणि सालासकट उडीद, त्यातच मीठ घालून दळून आणायचं. इथे एक काम विसरायचं नाही, गिरणीवाल्या दादांना सांगायचं की "ज्वारीवर दळा, गव्हावर नको", नाहीतर पहिलं किलोभर पीठ भलतंच निघतं. हे दोन दिवस आधीच उरकायचं.

भाजायला गावाकडे तुराट्या-पऱ्हाट्यांचा जाळ असतो, इथे आम्ही कोळशाची शेगडी गच्चीवर चढवतो (चेअरमनकाकांना आधी आमंत्रण, मग परवानगी, हा क्रम चुकवू नका). वांग्याला तेलाचा हात आणि सुरीचे टोचे, नाहीतर फुटतं. साल काळं होऊन सुटायला लागलं, देठाजवळ दाबल्यावर बोट आत गेलं की झालं, देठाकडचं कच्चं राहिलं तर सगळ्या भरिताला तो करकरीतपणा येतो. कोळसा नाही जमला तर गॅसवर भाजा, पण मिक्सरला लावू नका प्लीज, त्याची खळ होते. बडजीत (भरीत ठेचायचं लाकडी भांडं) मुसळीनं ठेचलं की गराचे धागे राहतात, ते दाताखाली यायला हवेत. वरून तेलात लसूण, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मग पातीचा कांदा आणि कोथिंबीर सढळ हातानं. टोमॅटो नाही. टोमॅटो घातलेलं पण छान लागतं, पण ते पंजाबी, त्याची पार्टी वेगळी करा, मी येईन.

आता ज्यावरून दरवर्षी माझं डोकं फिरतं ते सांगते. वांगी भाजणं हे आमच्याकडे पुरुषांचं काम, आणि त्याचा तोरा बघण्यासारखा असतो. चारजण शेगडीभोवती उभे, हातात चिमटा, गप्पा, चहा, फोटो. "आज बायकांना सुट्टी!" आणि त्याच वेळी खाली स्वयंपाकघरात तीन बायका कळण्याच्या शंभर-सव्वाशे पुऱ्या थापतायत आणि तळतायत, कारण पुरी गरमच लागते ना सगळ्यांना. सुट्टी कसली डोंबलाची! म्हणून आता आमचा नियम असा की कढईसुद्धा वर गच्चीवरच येणार. सिलेंडर चढवायला भाऊजी आहेत, वारा लागू नये म्हणून पत्रा लावायचा, आणि थापणारे-तळणारे पंधरा-वीस पुऱ्या झाल्या की बदलायचे, भाऊजींसकट. पहिल्या पुऱ्या भारताच्या नकाशासारख्या येतात, खपतात तशाच. हे जमतं कारण पदार्थ एकच आहे. पनीर आणि कुर्मा असता तर पुन्हा कुणीतरी खाली अडकलंच असतं.

"काही मदत लागली तर सांग हं" असं म्हणणाऱ्यांना मी आता लगेच सांगते. तुझ्याकडे पात, निवडून धुवून चिरून. तुझ्याकडे केळीची पानं, पुसून. तुझ्याकडे ताक. "काय आणू?" विचारायला फोन करायचा नाही, आणायचं.

अपवाद मी एकच करते. आमची एक जैन मैत्रीण वांगं, कांदा, लसूण काहीच खात नाही आणि तिला नुसती पुरी-ताक देऊन बसवणं मला पटत नाही. तिच्यासाठी वरण आणि तुपात तळलेली बट्टी, फक्त हिंग-जिऱ्याची फोडणी. तेही खानदेशीच, आदल्या रात्री निम्मं होऊन जातं, आणि मुलांचाही प्रश्न सुटतो कारण मुलं बट्टी वरणात कुस्करून मजेत खातात. गोड म्हणून गुळाचा खडा. मामी अजून नाराज आहेत, पण मागच्या पार्टीत भरीत तिसऱ्यांदा घेतलं ते त्यांनीच.

तर यंदा माणसं वाढलीयेत आणि एक बडजी पुरणार नाही. पुण्यात कुणाकडे जास्तीची असेल तर इनबॉक्स करा, रविवारपुरती हवीये, मुसळ माझ्याकडे आहे. आणि बडजी देणाऱ्याला जेवण आहेच, पण पनीर आणायचं नाही.